अल्फाफोल्डच्या चित्रातल्या नारिंगी दोऱ्यांचा उपयोग काय?

प्रश्न असा आहे: अल्फाफोल्ड या प्रथिनांचे आकार वर्तवणाऱ्या संगणक प्रणालीच्या चित्रात प्रथिनाच्या घडीव भागाभोवती नारिंगी दोऱ्यांचा गुंता दिसतो. ती संगणकाची चूक समजायची, की त्या भागांना पेशीत काही काम असतं?

नारिंगी म्हणजे तिथल्या आकाराची खात्री नाही, एवढंच. बऱ्याचदा त्या भागाला ठरावीक आकारच नसतो. चित्र सुबक दिसावं म्हणून हे दोरे खोडणाऱ्यांचा मला राग येतो, कारण कित्येकदा प्रथिन चालू-बंद करणारी कळ तिथेच असते.

वास्प घ्या. रक्तपेशींमधलं, ५०२ अमिनो आम्लांचं प्रथिन. पांढरी पेशी जंतूकडे सरकते तेव्हा तिच्या पुढच्या कडेला ऍक्टिन या प्रथिनाचे धागे वाढावे लागतात. वास्पचं शेपूट आर्प २/३ या प्रथिनसंचाला कामाला लावतं, तो जुन्या धाग्यावर सुमारे ७० अंशांत नवी फांदी काढतो आणि फांद्यांचं ते जाळं पेशीचं आवरण पुढे रेटतं. पण हे संदेश आल्यावरच व्हायला हवं.

वास्पच्या मधोमध एक पट्टा आहे. सुटा काढला तर त्याला घडी नसते. प्रथिनात मात्र तो स्वतःच्याच शेपटाभोवती घडी घेतो आणि त्याला अडकवून ठेवतो. संदेश आला की सीडीसी४२ हे संदेशवाहक प्रथिन, जीटीपी हा छोटा रेणू धरून चालू झालेलं, तिथे येतं; तोच पट्टा त्याला बिलगताना वेगळी घडी घेतो आणि शेपूट सुटतं. कडक, पक्क्या आकाराला असे जोडीदार बदलणं जड गेलं असतं. शिवाय पट्टा असा उघडा पडला की त्यातल्या २९१व्या अमिनो आम्लावर, टायरोसिनवर, फॉस्फेटची रासायनिक खूण बसवणं सोपं होतं, आणि मग सीडीसी४२ निघून गेलं तरी वास्प काही अंशी चालूच राहतं.

कळ बिघडली तर? या पट्ट्यातल्या २७०व्या जागी ल्युसिनऐवजी प्रोलिन हे दुसरं अमिनो आम्ल आलं की पकड सुटते, वास्प सतत चालू राहतं आणि रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी घटतात. उलट वास्प नसेलच तर विस्कॉट-ऑल्ड्रिच आजार: प्लेटलेट कमी, इसब, वारंवार संसर्ग. जनुक एकच, तेही एक्स गुणसूत्रावर, त्यामुळे दोन्ही आजार मुख्यतः मुलग्यांत दिसतात.

सगळेच दोरे इतके हुशार नसतात. काही नुसते दोन घडीव भाग जोडतात. दोरा कामाचा आहे का हे पाहायचं तर तुमच्या प्रथिनात फॉस्फेटच्या नोंदलेल्या जागा कुठे आहेत आणि दोऱ्यातले कोणते छोटे तुकडे इतर प्राण्यांतही जसेच्या तसे आढळतात, हे आधी तपासा.