छत्र्या फाडून शिवलेली विंग आणि इचलकरंजीची पोरगी

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा वाटलं की याला नीट बसून उत्तर द्यायला पाहिजे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, दादा इचलकरंजीचे, यंत्रमागाचा धंदा, मुलगी बारावी सायन्सला. डिसेंबरात घरचे सगळे गोव्याला गेले, तिथं मोरजीच्या बीचवर एक बाई बोर्डवर उभी राहून, हातात फुगवलेला पंख म्हणजे विंग धरून पाण्याच्या हातभर वरून सरकत जाताना दिसली (या खेळाला विंग फॉइलिंग म्हणतात) आणि तेव्हापासून पोरगी म्हणतेय की मला हे पंख डिझाईन करायचेत. घरातल्या चार छत्र्या फाडून आईच्या मशीनवर तिनं एक शिवला पण, आत प्लास्टिकची नळी घालून सायकलच्या पंपानं फुगवला आणि तो शिवणीत टर्रकन गेला. दादा विचारतात, "मॅडम, हा नाद सोडवून पोरीला कॉम्प्युटरला घालू का?"

आधी कडू ते सांगून टाकते. विंग डिझायनर ही नोकरी जगातच फार थोड्या लोकांकडे आहे, एकेका ब्रँडमागे एखाददुसरा माणूस, त्यातले बरेचसे आधी स्वतः वर्षानुवर्षं पाण्यात काढून मग डिझाईनला आलेले. डुओटोन नावाच्या ब्रँडची विंग काढणारा केन विनर घ्या, हा मूळचा विंडसर्फिंगचा चॅम्पियन, हवाईतल्या माऊई बेटावर राहून काम करणारा. हा खेळ दुकानात आला तोच २०१९ च्या आसपास. त्यामुळं "डिग्री घेतली की विंग डिझायनर" असा रस्ता कुणी दाखवला तर तिथं फी भरू नका.

पण दादा, हे पंख नेमके कशाचे बनतात ते तुम्ही एकदा बघाच, कारण मला वाटतं तुमच्या घरात हे तिच्यापेक्षा तुम्हाला जास्त लवकर कळेल. पुढं एक जाड फुगवलेली नळी, तिला लीडिंग एज म्हणतात, तिच्या मधून मागं जाणारी एक नळी म्हणजे स्ट्रट, आणि दोघींवर ताणलेला पातळ कापडाचा पडदा. पडदा असतो रिपस्टॉप पॉलिस्टरचा, ५० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ५० ग्रॅम) आसपास, ठरावीक अंतरावर जाड धागा टाकून चौकडी पाडलेला म्हणजे फाटलं तरी फाट पुढं पळत नाही. नळ्यांचं कापड डॅक्रॉन, म्हणजे घट्ट विणलेलं जाड पॉलिस्टर, ते दीडशे जीएसएमच्या आसपास किंवा पुढं. नळीच्या आत ब्लॅडर, म्हणजे हवा धरणारी पिशवी. आता हिशोब करा, ५ चौरस मीटरची विंग, पडदा ५० जीएसएमचा, म्हणजे अख्खा पडदा भरला पाव किलो. आणि पूर्ण विंग भरते अडीच-तीन किलो! बाकीचं वजन गेलं कुठं? नळ्यांच्या कापडात, ब्लॅडरमधे, शिवणीवरच्या पट्ट्यांत, ठिगळांत, हँडलमधे, व्हॉल्व्हमधे. त्यामुळं नुसता पडदा पातळ करून वजन फारसं हलत नाही, ते शोधायचं नळीत आणि शिवणीत.

आणि वजनाची एवढी मारामारी कशाला, तर ही विंग बोर्डला बांधलेली नसते, माणूस ती हातानं धरून असतो. कमी वाऱ्यात ती पंख्यासारखी हलवून बोर्ड पाण्याबाहेर काढावा लागतो, तिथं प्रत्येक शंभर ग्रॅम खांद्याला कळतात, आणि लाट मिळाली की पुढच्या हँडलला एका हातानं धरून ती मागं सोडून देतात, जड असली तर ती तरंगायच्या ऐवजी पाण्यात लोळते. (मी हे सगळं लांबूनच बघितलंय, मला पोहायला पण धड येत नाही.)

आता मजा नळीची. फुगवलेली नळी किती भार घेऊन मग सुरकुती पाडते आणि दुमडते, हे आतल्या दाबावर अवलंबून असतं आणि त्रिज्येच्या घनावर. घनावर! म्हणजे वारा कापायला बरी म्हणून नळी १० टक्के बारीक केली तर ताकद २७ टक्के उतरते. ती भरून काढायला दाब ७ पीएसआयवरून (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) साडेनऊच्या पुढं न्यायचा, आणि मग कापडावरचा ताण आधीपेक्षा २३ टक्के वाढतो. पाव मीटर व्यासाच्या नळीत ७ पीएसआय हवा भरली की कापडाच्या ५ सेंटिमीटर रुंद पट्टीवर जवळजवळ ३० किलोची ओढ असते, आणि तुमच्या पोरीनं तिथं छत्रीचं कापड साध्या सरळ टाक्यानं शिवलंय, उसवणारच की ओ!

म्हणूनच अलीकडं सगळी झुंज कापडावर आलीय. कॅनडातल्या अलुला कंपनीनं पॉलिइथिलीनचं कापड काढलंय, बुलेटप्रूफ जाकिटात जो धागा असतो त्याच जातीचा, थर चिकटवायला गोंद नाही, वजनाला डॅक्रॉनच्या निम्म्याच्या आसपास, आणि ओढलं तरी ताणलं जात नाही म्हणून दाब जास्त घेतं. तसली ५ चौरस मीटरची विंग दोन किलोच्या आसपास येते आणि किंमत ऐकून तुम्ही म्हणाल एवढ्यात सेकंडहँड माग येतो. बरं फुगवायची ही आयडिया पण नवी नाही, फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या दोन भावांनी, लेगान्यू त्यांचं आडनाव, फुगवायच्या पतंगाचं पेटंट १९८४ मधेच टाकलं होतं, पुढं सगळं काम कापडवाल्यांनी आणि शिवणाऱ्यांनी ओढलं.

आणि ताणा-बाणा तुम्हाला मी काय सांगू. धाग्याच्या दिशेनं कापड ताणत नाही, उरेब म्हणजे तिरकं धरलं की ताणतं, हे तुमच्याकडच्या कुठल्याही टेलरला माहीत असतं. विंगमधे तेच, ओढ जिकडून जाणार तिकडं धागा बसला नाही तर थोड्याच दिवसांत पडदा पिशवीसारखा होतो. पॅनेल कसं कापायचं, गोलाई सपाट कापडातून कशी काढायची, अर्धं डिझाईन तिथंच आहे.

तर माझं मत. कॉम्प्युटरला घालू नका, निदान फक्त सगळे घालतात म्हणून तरी नको. सीईटी देऊ दे आणि टेक्स्टाईलचा फॉर्म मनापासून भरू दे. तुमच्या गावातच डीकेटीई कॉलेज आहे, मुंबईला व्हीजेटीआय आहे. जेईईत मार्क चांगले आले तर आयआयटी बॉम्बेचं एरोस्पेस बघा, तिथं हवेपेक्षा हलक्या यानांवर, म्हणजे फुग्यांवर आणि एअरशिपवर काम चालतं. पण मार्क बघून ऐनवेळी ब्रँच बदलू नका. मी पूर्वी एका मुलाला घाईत "एरोच घे" सांगितलं होतं, त्याला खरं तर कापडातच रस होता, चार वर्षं तो माझ्यावर चिडून होता आणि त्याचं बरोबर होतं.

विंगचं नाही जमलं तर पोट कशावर, हे तुम्ही विचारणारच. आग्र्याला डीआरडीओची एडीआरडीई ही प्रयोगशाळा आहे, तिथं पॅराशूट आणि एरोस्टॅट, म्हणजे दोरानं बांधून ठेवायचे मोठे फुगे, होतात. हैदराबादला टीआयएफआर या संशोधन संस्थेची बलून फॅसिलिटी आहे, अवकाशाच्या काठापर्यंत जाणारे पॉलिथिनचे फुगे तिथं बनतात. टेक्निकल टेक्स्टाईलला, म्हणजे कपड्यांपलीकडच्या कामाच्या कापडाला, सरकारनं २०२० मधे १४८० कोटींचं मिशन काढलंय. परदेशात पुढं शिकायचं म्हटलं तर नेदरलँड्सच्या डेल्फ्टला फुगवलेल्या पतंगानं वीज करायचं काम वर्षानुवर्षं चाललंय, नळी-पडद्याचं गणित तेच. आणि शेजारी श्रीलंकेत असले पतंग आणि बोटींची शिडं शिवायचे मोठे कारखाने आहेत, ते पण डोळ्याआड करू नका.

आता बारावीची परीक्षा होईपर्यंत मशीन झाकून ठेवा, यावर मी तुमच्याच बाजूनं आहे. परीक्षा झाली की तिला हे द्या: तीन नळ्या शिवायच्या, १०, १२ आणि १५ सेंटिमीटर व्यासाच्या, दाब एक-दोन पीएसआयच्या वर नाही, पंपाला गेज लावून आणि डोळ्याला चष्मा घालून, फुटली तर तोंडावर येते. एक टोक बाकाला बांधायचं, दुसऱ्याला पाण्याची बाटली लटकवायची, थेंबथेंब भरत जायचं आणि पहिली सुरकुती किती पाण्याला पडली ते वहीत लिहायचं. मग झिगझॅग टाका, डबल शिवण, वर पट्टी, असं बदलून कुठली शिवण कधी जाते ते बघायचं. ही वही कुठल्याही इंटरव्ह्यूत सर्टिफिकेटपेक्षा जास्त बोलेल. सुट्टीत कामशेतला पॅराग्लायडिंगवाल्यांकडं जाऊन फाटलेला पॅराग्लायडर कसा दुरुस्त करतात ते बघून येऊ दे. आणि पोहायला शिकवा, पण पावसाळ्यात समुद्राकडं पाठवू नका.

एक गोष्ट मात्र मला तुमच्या पत्रातून कळली नाही. तिची ती विंग उसवली तेव्हा धागा तुटला, का सुईच्या भोकांपाशी कापड फाटलं? दोन्हीचा इलाज वेगळा आहे. फाटका तुकडा टाकून दिला नसेल तर दोघं मिळून उजेडात धरून बघा आणि मला कळवा. आणि आईला एक नवीन छत्री घेऊन द्या, जून लांब नाही.