वाचकांचे प्रश्न : पडक्या गिरणीतला बॉयलर कशाचा?

प्रश्न : गावाबाहेरच्या पडीक जागेत एक आडवा, गंजलेला बॉयलर आणि मोठे लोखंडी चाक पडले आहे. जुनी माणसे म्हणतात, इथे वाफेवर सागवान कापत. काहींच्या मते जिनिंग होते. खरे कसे ओळखावे?
– एक वाचक, हदगाव (जि. नांदेड)

उत्तर : बॉयलरकडे पाहून काही ठरणार नाही. १९००-०१ च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज लाइन झाली, मराठवाड्यात कापसाच्या जिनिंग उभ्या राहिल्या; त्यांनाही असलीच इंजिने लागत. बॉयलरच्या पाठीवरच सिलिंडर बसवलेला असेल आणि खाली आस असतील, तर ते पोर्टेबल, म्हणजे ओढून नेता येणारे इंजिन. गेन्सबरोची मार्शल, लिंकनची रोबी या कंपन्या अशी इंजिने बनवत. पट्टा जोडला की ते करवत फिरवी, नाहीतर रेचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारी जिनिंगची यंत्रे.

म्हणून जमीन पाहा. जिनिंगमध्ये एका लांब शाफ्टखाली सारख्या अंतरावर, सारख्या मापाचे बोल्टचे पाये ओळीने दिसतात. गोल करवतीला पाया एकच, पण त्याच्या पोटात भुसा पडायचा खड्डा हवाच. शिवाय १५ फुटी ओंडका करवतीच्या अलीकडून पलीकडे जायचा तर निदान ३० फूट सरळ जागा लागते. ओंडक्याचा गाडा चालवायच्या रुळांच्या खुणा तिथेच सापडतील.

पुलीही मोजा. ४ फूट व्यासाची करवत मिनिटाला साधारण ७५० फेरे घेई, इंजिन १५०. म्हणजे ५ फुटी चाकाला १ फुटी पुली. फेरे कमी पडले की पाते डुलते, फळी वाकडी उतरते. सागात सिलिका असते, त्यामुळे दाते लवकर बोथट होतात. बोथट दात्यांनी पाते तापते, कडेला पसरते आणि पुन्हा डुलते. मग ऐरणीवर ठोकून ताण सारखा करावा लागे. त्यात पात्याची चीर ५-६ मिलिमीटर रुंद. इंची फळ्या काढताना लाकडाचा पाचवा-सहावा हिस्सा भुशात जाई!

प्रश्न : अशा गिरणीला पाणी आणि जळण किती लागे?
– एक वाचक, परभणी

उत्तर : प्रत्यक्षात २५ अश्वशक्ती देणाऱ्या छोट्या इंजिनाला तासाला सुमारे ३५० लिटर पाणी धरा, दहा तासांचे साडेतीन हजार. जळणाला सालीकडचे तुकडे असत, तेही दिवसाला टनभराच्या वर. नुसता भुसा टाकला तर भट्टीच्या तळाची जाळी गुदमरते. चिमणीवर ठिणग्या अडवणारी जाळी नसली तर शेजारच्या भुशाला आग.

खरा त्रास पाण्याचा. आपल्या काळ्या पाषाणातल्या विहिरींचे पाणी जड. क्षार पत्र्याला चिकटतात, उष्णता पाण्यात जात नाही आणि पत्रा लाल होतो. म्हणून आठवड्याला बॉयलर थंड करून, खालची झाकणे उघडून गाळ धुवावा लागे.

हदगावच्या वाचकांनी भट्टीत टॉर्च मारून छतातला पितळी बूच पाहावा. पाण्याची पातळी घसरली की त्यातले शिसे वितळून वाफ विस्तवावर येई. मधले शिसे गेलेले दिसले, तर बॉयलरमधले पाणी निदान एकदा तरी फार खाली गेले असावे. बाहेरचे पांढरट लिंपण मात्र खरवडू नका. त्यात ॲसबेस्टॉस असू शकतो.