सायकलचे तारेवर चालणारे मेकॅनिकल डिस्क ब्रेक काढून तेलावर चालणारे हायड्रॉलिक बसवावेत का? आणि त्यात मोटारसायकलचे ब्रेक ऑइल चालते का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण धोका त्यात आहे. दुकानदार जर तुम्हाला "ब्रेक ऑइल सगळे सारखेच, मोटारसायकलचे टाकून देतो" असे म्हणत असेल, तर त्या दुकानातून सायकल उचला आणि सरळ घरी या. शिमानो, टेक्ट्रो, मागुरा या कंपन्यांच्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असते. मोटारसायकलच्या बाटलीवर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेले असते आणि ते ग्लायकॉलवर आधारलेले द्रव असते. ब्रेकच्या आत तेल अडवणारे रबरी सील असतात, आणि एकासाठी बनवलेले रबर दुसऱ्यात टिकत नाही. ते फुगते, आणि एकदा फुगलेले सील नंतर योग्य तेलाने कितीही धुतले तरी पूर्ववत होत नाहीत.

आमच्या घरात हे घडलेले आहे. अंबाजोगाईला माझी बहीण राहते. दाजींनी भाच्यासाठी हायड्रॉलिक डिस्कची चांगली सायकल घेतली आणि चाके काढून, गाडीच्या डिकीत घालून ती घरी आणली. वाटेत कोणाचा तरी हात पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवर पडला असणार, कारण घरी आल्यावर ब्रेकचे दोन्ही पॅड एकमेकांना चिकटलेले होते आणि मध्ये रोटर, म्हणजे चाकावरची धातूची चकती, शिरेना. यावर उपाय अगदी साधा आहे: पॅड बाहेर काढायचे, टायर काढायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीने (टायर लिव्हरने) पॅड ढकलणारे पिस्टन हळूच सरळ मागे दाबायचे, पॅड परत घालायचे आणि चाक बसवायचे. परंतु मी त्या वेळी गावात नव्हतो, आणि दाजींनी सायकल जवळच्या एका गॅरेजवर नेली. तेथील कारागिराने होज (तेलाची नळी) सैल करून तेल सांडू दिले, पिस्टन मागे ढकलले आणि कमी झालेल्या तेलाच्या जागी मोटारसायकलचे तेल भरले. लिव्हर घट्ट लागले, चाक फिरले, सगळे खूश झाले.

काही दिवसांतच लिव्हर दाबल्यावर परत यायला वेळ लावू लागले. पुढे मुकुंदराज स्वामींच्या समाधीकडे उतरताना ब्रेक लागला तो सुटेचना, आणि भाच्याला सायकल ढकलत वर आणावी लागली. मी लिव्हरवरील टाकीचे झाकण उघडले, तेव्हा त्याखालची काळी रबरी पडदी इतकी फुगली होती की तिच्या कडा खाचेबाहेर येऊन सुरकुतल्या होत्या. बोटाने दाबून बसवली तरी ती दुसऱ्या बाजूने वर येई. कॅलिपरचे, म्हणजे पॅड धरणाऱ्या भागाचे, पिस्टनही जागचे हलेनात. अशा ब्रेकचे सील बहुधा सुटे मिळत नाहीत, त्यामुळे लिव्हर आणि कॅलिपर दोन्ही नवे घ्यावे लागले.

यावरून दाजींनी काढलेला निष्कर्ष मला आजही मान्य नाही. त्यांचे म्हणणे असे की, हायड्रॉलिक हा प्रकार पुण्या-मुंबईचा आहे, आपल्याकडच्या धुळीत आणि उन्हात तो टिकत नाही, आणि मेकॅनिकल डिस्क तर केवळ दिखाव्याची, त्यापेक्षा चाकाच्या कडेला घासणारे जुने रिम ब्रेकच बरे. प्रत्येक दिवाळीला हा विषय निघतो. ज्यांनी पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदीतून सायकल चालवली आहे, त्यांना ठाऊक आहे की रिम ब्रेकच्या कमानीत चिखल असा गच्च बसतो की चाकच फिरत नाही. डिस्कचा कॅलिपर चिखलाच्या वर, चाकाच्या मध्याशी, हबजवळ असतो, म्हणून ती चालत राहते. उन्हाबद्दल सांगायचे तर, आपल्याकडचा उन्हाळा कितीही कडक असला, तरी लांब उतारावर सतत ब्रेक लावल्याने रोटरला येणाऱ्या उष्णतेपुढे तो काहीच नाही, आणि ती उष्णता सोसण्यासाठीच हे ब्रेक बनवलेले असतात.

आता तुमचा पहिला प्रश्न. तुमच्या गावात किंवा तासाभराच्या अंतरावर मिनरल ऑइल आणि ब्रेकच्या तेलातील हवा काढण्याचे साहित्य असलेला माणूस असेल, किंवा ते साहित्य तुम्ही स्वतः मागवून शिकायला तयार असाल, तर हायड्रॉलिक नक्की घ्या. कमी जोरात अधिक ब्रेक लागतो आणि पॅड झिजले तरी पिस्टन आपोआप पुढे सरकतात. तसे नसेल, तर आहे तो मेकॅनिकलच नीट लावून घ्या. "मेकॅनिकलमध्ये दम नाही" असे म्हणणाऱ्या बहुतेकांच्या सायकलवर मी एकच दोष पाहिला आहे. स्वस्त कॅलिपरमध्ये एकच पॅड हलतो आणि तो रोटरला वाकवून समोरच्या स्थिर पॅडवर टेकवतो. हा स्थिर पॅड मागच्या बाजूने एलन की फिरवून रोटरच्या जवळ, पण घासणार नाही इतका आणायचा असतो. लोक ते करत नाहीत, पॅड झिजला की फक्त तार ओढून घेतात. मग कॅलिपरचा हात आधीच निम्मा फिरलेला असतो आणि ऐन उतारावर त्याची हालचाल संपते. जुनी तार आणि तिचे आवरण बदलले, तर निम्मी तक्रार तेथेच मिटते.

बसवताना कॅलिपरचे दोन्ही बोल्ट थोडे सैल ठेवून लिव्हर दाबून धरावे आणि त्याच स्थितीत दोन्ही बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळावेत. नंतर चाक फिरवून रोटर आणि पॅड यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी उजेड दिसतो का ते पाहावे. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून पुन्हा पुन्हा वेग कमी करावा, चाक जाम होऊ देऊ नये. पॅडचा पातळ थर रोटरवर नीट बसला की मगच ब्रेक धरू लागतो. झीज मोजायची तर शिमानोच्या रोटरची जाडी १.५ मिलिमीटरवर आली की तो बदलावा, आणि पॅडचा मसाला ०.५ मिलिमीटर उरला की पॅड बदलावेत.

डिस्क आवाज करते म्हणून तीवर तेल किंवा स्प्रे मारणाऱ्याला तर सायकलला हात लावू देऊ नका. तेल प्यायलेले पॅड पॉलिश पेपरने घासून क्वचितच सुधारतात. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ फडक्याने पुसावा, बोटे लावू नयेत. साखळीला तेल देताना रोटरवर कापड धरावे.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. सगळेच हायड्रॉलिक मिनरल ऑइलचे नसतात. स्रॅम कंपनीचे बरेच ब्रेक डॉटचे असतात आणि त्यात मिनरल ऑइल घातले तर तेथेही सील फुगतात, म्हणून लिव्हरच्या झाकणावर काय छापले आहे ते वाचल्याशिवाय काहीही भरू नका. आणि काही स्वस्त रोटरवर फक्त रेझिन पॅड वापरा असे कोरलेले असते, त्यावर धातूमिश्रित पॅड लावू नयेत, रोटर लवकर झिजतो. तुमच्या सायकलचे गिअर आणि ब्रेकचे लिव्हर एकाच जोडणीत असतील, तर हायड्रॉलिकसाठी गिअर बदलायचे शिफ्टरही बदलावे लागतील आणि खर्च बराच वाढेल. फ्रेमवर आणि फोर्कवर कॅलिपर कोणत्या पद्धतीने बसतो, याचे फोटो टाका, म्हणजे कोणता अडॅप्टर लागेल ते सांगतो.