अर्ली ॲक्सेसमध्ये गेम घेतला म्हणून नंतरची आवृत्ती विनामूल्य मागता येते का?

तुम्ही विचारले आहे की, पीसीवर अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे अजून अर्धवट अवस्थेत असताना, विकत घेतलेला गेम आता निन्टेंडोच्या स्विच या गेम खेळण्याच्या यंत्रावर पूर्ण किमतीला आला असेल, तर ज्यांच्या पैशावर तो तयार झाला त्या सुरुवातीच्या ग्राहकांना ही नवी आवृत्ती विनामूल्य मिळायला नको का. माझे मत असे आहे की केवळ आधी घेतला म्हणून तो हक्क निर्माण होत नाही. तो निर्माण होतो विक्रीच्या वेळी दिलेल्या शब्दातून, आणि तसा शब्द दिलेला असेल तर त्याचा अर्थ ग्राहकाच्या बाजूने लावला गेला पाहिजे, असे मी आग्रहाने म्हणेन.

दुसऱ्या यंत्रासाठी काढलेली आवृत्ती म्हणजे तयार फाइलची नक्कल नव्हे. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा गेम एरिक बॅरोन यांनी एकट्याने बनवला आणि फेब्रुवारी 2016 मध्ये तो पीसीवर आला. पण 2017 ची स्विचवरची आवृत्ती सिकहेड गेम्स या वेगळ्या संघाने तयार केली आणि 2018 साली आयफोनवर आलेली द सीक्रेट पोलीस या तिसऱ्याच संघाने, कारण स्पर्शाने चालणाऱ्या छोट्या पडद्यासाठी सगळी हाताळणी नव्याने रचावी लागते. शिवाय प्रत्येक यंत्राच्या मालक कंपनीच्या चाचण्या पार कराव्या लागतात आणि तिचे दुकान विक्रीतला आपला वाटा कापून घेते. पीसीच्या ग्राहकाने दिलेल्या पैशात यातले काहीच धरलेले नव्हते. तरीही याच गेमची मॅक आणि लिनक्सवरची आवृत्ती 2016 मध्ये आली तेव्हा स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या जुन्या ग्राहकांना ती वेगळे पैसे न देता मिळाली, आणि नंतरच्या वर्षांतली 1.5 व 1.6 सारखी मोठी अद्यतनेही विनामूल्यच आली. मला हा व्यवहार पूर्णपणे न्याय्य वाटतो. मी स्वतः हा गेम पीसीवर आणि नंतर फोनवर असा दोनदा घेतला आहे आणि दुसऱ्यांदा पैसे देताना मला फसवले गेल्यासारखे मुळीच वाटले नाही.

आपल्याकडे प्रकाशनपूर्व सवलतीत नाव नोंदवणारा वाचक प्रकाशकाला भांडवल पुरवतो, त्याबदल्यात त्याला पुस्तक कमी किमतीत मिळते. त्याच पुस्तकाचे ऑडिओबुक निघाले तर ते तो फुकट मागत नाही. अर्ली ॲक्सेसचा ग्राहकही बहुधा कमी किमतीत घेतो आणि गेम घडत असताना खेळतो. त्याने धोका पत्करलेला असतो हे खरे, पण स्टीम खरेदीच्या पानावरच सांगते की हा गेम अपूर्ण आहे आणि पुढे तो बदलेल किंवा बदलणारही नाही. म्हणजे धोका सांगून विकला जातो आणि त्याची भरपाई किमतीत होते.

शब्द दिलेला असतो तेव्हा मात्र प्रकरण वेगळे असते, आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण माइनक्राफ्टचे आहे. 20 डिसेंबर 2010 रोजी बीटा टप्पा सुरू होण्यापूर्वी, म्हणजे त्याआधीच्या, आणखी कच्च्या अशा अल्फा टप्प्यात, ज्यांनी तो घेतला त्यांना पुढच्या सर्व आवृत्त्या विनामूल्य मिळतील असे सांगण्यात आले होते. पुढे मे 2012 मध्ये एक्सबॉक्स 360 या मायक्रोसॉफ्टच्या गेम यंत्राची आवृत्ती आली. ती 4जे स्टुडिओज या वेगळ्या संघाने तयार केली होती आणि अल्फाच्या ग्राहकांनाही ती पैसे देऊनच घ्यावी लागली. ‘सर्व आवृत्त्या’ यात दुसरे यंत्र येते की नाही, हे विक्रेत्याने तेव्हा स्पष्ट केलेले नव्हते. अशा संदिग्धतेचा लाभ वाक्य लिहिणाऱ्याला मिळू नये. तो वाचून पैसे देणाऱ्याला मिळावा, असे माझे ठाम म्हणणे आहे. विंडोज 10 ची आवृत्ती तर सी++ या वेगळ्या प्रोग्रॅमिंग भाषेत नव्याने लिहिलेल्या निराळ्या प्रोग्रॅमवर उभी होती. तरी 19 ऑक्टोबर 2018 पूर्वी मूळची जावा भाषेतली आवृत्ती घेतलेल्या सर्वांना ती विनामूल्य देण्यात आली. याचा अर्थ, इच्छा असेल तिथे वाट निघते.

लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या गेमांमध्ये हे बंधन आणखी घट्ट असते, कारण तिथे विशिष्ट यंत्राचे नाव घेऊनच पैसे मागितले जातात. ‘मायटी नं. 9’ ने 2013 मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर 38 लाख डॉलरांहून अधिक रक्कम गोळा केली. त्यात 3डीएस आणि व्हिटा या हातात धरायच्या यंत्रांवरच्या आवृत्त्यांचे आश्वासन होते आणि त्या कधीच आल्या नाहीत. ‘हॉलो नाइट’ बनवणाऱ्या टीम चेरी या संघाला वी यू या निन्टेंडोच्या जुन्या यंत्रावरची आवृत्ती रद्द करावी लागली, पण ती निवडलेल्या वर्गणीदारांना त्यांनी स्विचचा पर्याय दिला. एवढेच नव्हे, वर्गणीदारांना कबूल केलेला जोडभाग वाढत वाढत ‘सिल्कसाँग’ हा स्वतंत्र गेम बनला, तरी सप्टेंबर 2025 मध्ये तो प्रसिद्ध झाल्यावर त्यांना तो विनामूल्यच मिळाला. मोठे झाल्यावरही जुनी देणी विसरली नाहीत, याबद्दल मला या छोट्या ऑस्ट्रेलियन संघाविषयी मनापासून आदर वाटतो.

एकाच कंपनीच्या जुन्या यंत्रावरून नव्या यंत्राकडे जाताना मी ग्राहकाच्या बाजूने अधिक झुकतो. तिथे दुकान तेच असते, खाते तेच असते आणि खरेदीची नोंदही तिथेच असते. सोनीने ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’साठी पीएस4 (प्लेस्टेशन 4) या जुन्या यंत्रावरून नव्या पीएस5 वर विनामूल्य जाता येईल असे 2020 मध्ये सांगितले होते, सप्टेंबर 2021 मध्ये साध्या आवृत्तीतून ती सोय वगळली गेली आणि ग्राहकांनी आवाज उठवल्यावर काही दिवसांतच कंपनीला निर्णय फिरवावा लागला. ‘कंट्रोल’ या गेमच्या बाबतीत 2020 मध्ये नव्या यंत्रावरची विनामूल्य आवृत्ती फक्त नंतर जोडभागांसह निघालेल्या ‘अल्टिमेट एडिशन’च्या ग्राहकांना देऊ केली गेली, म्हणजे मूळ गेम आणि त्याचे जोडभाग आधीच घेतलेले लोक बाहेर राहिले. शब्द मोडलेला नसूनही मला हे अन्यायाचे वाटते, कारण नंतर आलेल्याला जे दिले ते आधी आलेल्याला नाकारले गेले.

छोट्या संघांकडून मात्र मी विनामूल्य आवृत्तीची अपेक्षा धरणार नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ ऑगस्ट 2020 मध्ये आधी स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये पीसी, पीएस4 व एक्सबॉक्सवर आला. अशा संघासाठी प्रत्येक नवे दुकान म्हणजे पुढचा गेम बनवण्याची एक संधी असते.

तुमच्यापुरते सांगायचे, तर खरेदीच्या दिवशीचे पान आणि विकासकाच्या त्या काळातल्या घोषणा शोधून पाहा. त्यात स्विचचे किंवा ‘सर्व आवृत्त्यांचे’ आश्वासन सापडले, तर तो मजकूर जोडून विकासकाला लिहा आणि स्विचवर गेम विनामूल्य उतरवून घेण्याचा कोड मागा. ते नसेल, तर तुमची पीसीवरची आवृत्ती स्विचच्या बरोबरीने पूर्ण आणि अद्ययावत ठेवली जाते की नाही याकडे लक्ष द्या. त्यात टाळाटाळ झाली, तर तक्रार करण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.