काजूकतली परत का आली

या वेळचं पत्र ठाण्यातून, वर्तकनगरहून आलंय. बरंच मोठं होतं, महत्त्वाचं तेवढं देतेय.

"मावशी नमस्कार. मी 36 वर्षांची, महापेला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. नवऱ्याची नोकरी नाशिकला, तो शनिवार-रविवार येतो. मुलगी तिसरीत, दुपारची शाळा. दिवाळीनंतर सासूबाई मोठ्या दिरांकडे गेल्या, तेव्हापासून लेकीची व्हॅन यायच्या आत घर गाठायचं हे रोजचं टेन्शन. मागच्या महिन्यात एका संध्याकाळी ट्रान्सहार्बर लोकलच्या लाईनला वायर तुटली, गाडी ऐरोलीच्या पुढे येऊन उभीच राहिली, त्यात माझा फोन बंद पडला. घरी पोचले तेव्हा पावणेनऊ. लेक आमच्या दाराबाहेर पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसलेली, आणि समोरच्या काकू आपल्या उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून. दोघींच्या मध्ये पोह्यांची डिश, गार झालेली. काकू तिला सव्वासहापासून आत बोलवत होत्या पण ती म्हणे, आम्ही कुणाकडे जात नाही, कुणाचं घेत नाही, आई रागावते.

दुसऱ्या दिवशी मी अर्धा किलो काजूकतली घेऊन गेले. म्हटलं काकू, काल तुमचे अडीच तास गेले त्याबद्दल. त्यांनी बॉक्स उघडलासुद्धा नाही, माझ्या हातात परत ठेवला आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून बोलत नाहीत.

मावशी, मी कुणाची मिंधी राहत नाही. माझ्या बाबांच्या ऑपरेशनला त्यांच्या चुलतभावाने पैसे दिले होते. बाबांनी दोन वर्षांत व्याजासकट फेडले, तरी माझ्या लग्नात भर मांडवात तो माणूस म्हणाला, आम्ही नसतो तर आज पोरीचं कन्यादान करायला हा नसता. बाबा खाली बघत उभे होते ते मी विसरू शकत नाही. मी लहान असताना बाबांनी मला गडकरी रंगायतनला 'एकच प्याला' दाखवलं होतं. सिंधू दुसऱ्यांचं दळण दळते पण श्रीमंत भावाच्या पैशाला शिवत नाही. बाबा म्हणायचे, बघ, बाई असावी तर अशी. मी तशीच वागायचा प्रयत्न करते. यात माझं चुकलं कुठे?

- कुणाची मिंधी नसलेली"

अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तीनही वेळा त्या पोह्यांच्या डिशपाशी थांबले.

साडेआठ-नऊ वर्षांची पोर, शाळेतून आलेली, डबा दुपारीच संपला असणार, समोर पोहे, आणि ती हात लावत नाही. अडीच तास. मी वर न दिलेल्या भागात तू लिहिलंस की तुला लाजल्यासारखं झालं, पण कशाची लाज वाटली ते नाही लिहिलंस, काकूंचे उपकार झाले याची की लेक उपाशी बसली याची? पत्रावरून तरी मला पहिलीच वाटली. रागावू नकोस, पण तूच बघ ना, काकूंना मिठाई नेलीस, त्यांच्या वेळेचा हिशोब मांडलास, त्या बंद दाराबद्दल अर्धं पान लिहिलंस. लेक त्या रात्री काय म्हणाली, घाबरली होती का, रडली का, याबद्दल एक ओळ नाही.

आता सिंधूकडे येऊ, कारण तू तिचं नाव घेतलंस आणि मलाही ती बाई फार जवळची आहे. नाटक पहिल्यांदा रंगमंचावर आलं 1919 च्या फेब्रुवारीत, ते लिहिणारे राम गणेश गडकरी त्याआधी महिनाभरच गेले होते, त्यांना ते बघायला मिळालं नाही. बालगंधर्व सिंधू करायचे. एरवी भरजरी शालूत दिसणारा माणूस या भूमिकेत ठिगळाचं जुनं लुगडं नेसून जात्यावर बसायचा, आणि माझी आजी सांगायची की थिएटरमध्ये बायका मुसमुसून रडायच्या. शंभर वर्षं झाली, अजून रडतो आपण. तुझ्या बाबांना ती आवडली यात नवल काहीच नाही, ज्या माणसाने भर मांडवात मान खाली घातलीय त्याला ती जात्यावरची ताठ मान आवडणारच गं.

पण तू नाटक लहानपणी पाहिलंस, आता पुन्हा आठवून बघ. कुणाचा पैसा घ्यायचा नाही ही आण सिंधूने आपणहून घेतलेली नाहीये. ती तिच्या नवऱ्याची, सुधाकरची आहे. तो दारूत बुडालेला, वकिलीची सनद गेलेली, मेहुण्यासमोर अपमान झाला म्हणून भडकलेला, आणि तो अपमान त्याने बायकोच्या गळ्यात शपथ म्हणून बांधला. ती पतिव्रता म्हणून पाळत राहिली. म्हणजे स्वाभिमान दुखावला कुणाचा, आणि दळण कुणी दळलं? आणि दुसरी गोष्ट, जी मला आई झाल्यावर कळली, त्याआधी नव्हती कळली. त्या घरात एक तान्हं बाळ आहे. भावाचा पैसा नको हे ठरवताना त्याला कुणी विचारलेलं नाही, आणि शेवटी ते बाळही जगत नाही आणि आईही जगत नाही. दारूनेच त्यांचा घात केला हे खरंच, पण भाऊ मदतीला उभा होता, बाळाला दूध मिळू शकत होतं, हेही त्याच नाटकात आहे. गडकऱ्यांनी ते आपलं काळीज पिळवटायला लिहिलं, मुलींना वळण लावायला नाही, असं मला अगदी मनापासून वाटतं.

तुझ्याकडेही तेच झालंय. आण बाबांची, पाळतेस तू, आणि पायरीवर बसली लेक.

तू स्वतःपुरतं काय हवं ते ठरव ना. ऑफिसमध्ये कुणाकडून चहासुद्धा घेऊ नकोस, उधार-उसनवार नको, भावाकडे हात पसरायचा नाही, सगळं ठीक, तो तुझा हक्क आहे आणि त्याची किंमत तू मोजतेस. पण लेकीची भूक, लेकीची भीती, अंधार पडल्यावर जिन्यात बसणं, हे तुझ्या तत्त्वासाठी तिने का मोजायचं?

बाबांच्या त्या चुलतभावाबद्दल एक सांगते. तू त्याच्यासारख्या माणसाचं काही घेत नाहीस ते अगदी बरोबर करतेस, तसंच चालू ठेव. काही माणसं देतात ती बांधून ठेवायलाच देतात. कर्णाचं बघ, भर रंगभूमीवर सगळे हसत असताना दुर्योधनाने अंगदेशाचं राज्य दिलं, आणि पुढे युद्धाच्या तोंडावर कृष्णाने येऊन तू कुंतीचा मुलगा आहेस सांगितलं तरी त्याला तिथून हलता आलं नाही. उपकाराचं ओझं असतं, नसतं असं मी म्हणणारच नाही. पण ओळखायचं कसं, तर बोलून दाखवतो का ते बघायचं. बोलून दाखवणारा माणूस पहिल्या वर्षभरात कळतो, त्याला फार दिवस दम निघत नाही. या काकू तुमच्या समोर किती वर्षं राहतायत? तुझ्या सासूबाई तिथे असताना वाटीभर साखर, विरजण, गॅस संपला म्हणून दूध तापवून आणणं, यातलं काहीच झालं नाही असं होऊच शकत नाही, सासूबाईंना फोन करून विचार. आणि त्यातलं एक तरी काकूंनी कधी बोलून दाखवलंय का तेही विचार.

त्या संध्याकाळी काकूंनी काय केलं ते तुझ्या नजरेतून निसटलंय बहुतेक. लेक आत येत नाही म्हटल्यावर त्या तिला ओढून नेऊ शकल्या असत्या, नाहीतर जाऊ दे म्हणून दार लावून सिरीयल बघत बसल्या असत्या. त्यांनी खुर्ची बाहेर आणली. तुमच्या घरचा नियम त्या पोरीला मोडायला लावला नाही आणि तिला एकटंही सोडलं नाही. अडीच तास जिन्यात, डास चावत असणार, गुडघे दुखत असणार. आणि दुसऱ्या दिवशी तू जाऊन "अडीच तास" हा शब्द उच्चारलास आणि बॉक्स पुढे केलास. अगं, ती मजुरी झाली. बाईने काजूकतली नाही परत केली, तो हिशोब परत केलाय.

आपल्याकडे आभारप्रदर्शनाला उभा राहिलेला माणूस नेहमी म्हणतो बघ, आभार मानून आपल्याला परकं करत नाही, आपल्या ऋणातच राहणं पसंत करतो. इतक्यांदा ऐकलंय की आपण ते कानावरून जाऊ देतो, तोवर लोक खुर्च्या सरकवून उठायला लागलेले असतात. पण ज्याने कुणी पहिल्यांदा म्हटलं असेल त्याला काय म्हणायचं होतं ते तुझ्या काकूंच्या बंद दाराकडे बघून मला कळलं. तू फेडायला गेलीस म्हणजे तू त्यांना परकं केलंस.

मी हे एवढ्या खात्रीने का सांगतेय, तर मी हेच केलंय. ट्रान्सहार्बर 2004 ला सुरू झाली, मी त्याच्या आधीची, ठाणे-बेलापूर रोडने बसने जायचे, पावसाळ्यात दोन-दोन तास लागायचे. नौपाड्यात जुन्या बिल्डिंगमध्ये राहायचो. शेजारच्या आजींकडे आमची किल्ली असायची, त्यांच्या दारामागे कालनिर्णयच्या खाली एक खिळा होता, त्याला हिरव्या दोऱ्याने. मुलगा चारला शाळेतून यायचा, किल्ली घ्यायचा, आजी त्याला अर्धा कप चहा आणि खारी द्यायच्या, मी घरी चहा देत नाही म्हणून तो चोरून प्यायचा. सात वर्षं. तो दहावीत गेल्यावर मी त्याला वेगळी किल्ली करून दिली आणि आजींची परत आणायला गेले ती एक चांगली नऊवारी घेऊन गेले, म्हटलं आजी सात वर्षं तुम्ही एवढं केलंत. आजींनी साडीवरून हात फिरवला, छान आहे म्हणाल्या. मग किल्ली खिळ्यावरून काढली, दोरा सोडवला आणि नुसती किल्ली माझ्या हातात दिली. दोरा ठेवून घेतला. म्हणाल्या, "म्हणजे आता चारला कुणी यायचं नाही तर."

मला वाटलं होतं मी उतराई झाले. मी त्यांची चारची वेळ काढून घेतली होती. साडी त्यांनी एकदाही नेसली नाही, गेल्या तेव्हा त्यांच्या सुनेने घडी न मोडलेली मला दाखवली.

म्हणून तुला सांगते. लेकीने कुणाच्याही घरात शिरू नये ही काळजी असेल तर ती योग्य आहे, आजकाल ठेवायलाच हवी, पण मग एक घर ठरव. बिल्डिंगमधली सगळी दारं उघडायची गरज नाही, एकच, आणि ते कुठलं हे तुला मी सांगायला नको. नवऱ्याशीही आधी बोल, शनिवारी तो आला की एक जादा किल्ली करून आणा. काकूंचा नंबर व्हॅनवाल्या काकांना दे, लेकीच्या डायरीत पहिल्या पानावर लिही, आणि तुझ्या पर्समध्ये पॉवरबँक ठेव, त्याला कुणाचे उपकार लागत नाहीत.

लेकीशी आधी बोल मात्र. तिला सांग की त्या दिवशी तिने काही चुकीचं केलं नाही, नियम आईचा होता आणि आईने तो बदललाय. हे तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय ती काकूंच्या घरात पाऊल टाकणार नाही, इतकी शहाणी पोर आहे ती. आजोबांची मांडवातली गोष्ट तिला आत्ता नको सांगूस. मोठी झाली की सांग, पण तेव्हा जिन्यातल्या खुर्चीची गोष्टही सांग.

मग काकूंकडे जा. रिकाम्या हाताने जा. तुला हे जड जाणार हे मला माहितीये, आपल्याकडे डबासुद्धा रिकामा परत करत नाहीत, पण या वेळी साखरेची पुडी नको, फळं नको, काही नको. माफी मागायची असेल तर एका वाक्यात माग, काकू मी हिशोब केला, चुकलं. त्या कदाचित लगेच विरघळणार नाहीत, चार दिवस तोंड फुगवून राहतील, त्यांचा तेवढा हक्क आहे. किल्ली पुढे कर आणि विचार, ठेवाल का. आणि त्या हो म्हणाल्या आणि आत बोलावून बस म्हणाल्या तर घड्याळ बघू नकोस, बस. पोहे दिले तर खा, लेकीलाही बोलावून घे.