सरावपाठ आणि समोरचे मूल

प्रश्न : मी विशेष शिक्षणाच्या बी.एड.ला असून बौद्धिक अक्षमता हा माझा विशेष विषय आहे. टाचण नीट काढूनही सरावपाठात मुले मध्येच उठून जातात. पुढे सर्वसाधारण शाळेत नेमणूक झाली, तर अंध किंवा कर्णबधिर मुलांना कसे शिकवणार, याचीही धास्ती वाटते. प्रशिक्षणातच काही कमी आहे का?
— एक छात्राध्यापिका, नाशिकरोड

उत्तर : आहे, आणि ते तुमच्या एकटीपुरते नाही. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्याने ते एकवीस झाले, विशेष बी.एड. मात्र आजही प्रामुख्याने एकेका अक्षमतेवर बेतलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निर्देशानंतर केंद्र सरकारने २०२२ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरवून दिले. त्या दहाही मुलांची अक्षमता एकच असेल, असे अर्थातच कोणी म्हटलेले नाही. म्हणून इतर अक्षमतांचे विषय परीक्षेपुरते उरकू नका. सातपूरला अंधांसाठीच्या ‘नॅब’ (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) या संस्थेचे काम चालते. परवानगी घेऊन तिथे ब्रेल पाटीवर मुलांचा हात कसा चालतो ते पाहा.

सरावपाठाचे दुखणे अधिक खोल आहे. गुण मिळतात ते टाचण, साहित्य आणि वेळेत संपलेल्या पाठाला. मुलाने काय केले, हा प्रश्न शेवटी येतो. ‘विद्यार्थ्याला नाण्यांची ओळख होईल’ हे उद्दिष्ट तपासता येत नाही. ‘एक आणि पाच रुपयांची नाणी समोर ठेवली असता मुलगा सांगितलेले नाणे मदतीशिवाय उचलून देईल’ असे लिहिले, की तो कुठे अडतो ते दिसते : नजर नाण्यावर जात नाही, सूचना कळत नाही, की बोटांनी नाणे उचलता येत नाही. तिन्हींवरचे उपाय निराळे आहेत. सुरगाणा-पेठकडच्या, घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलाला तर कदाचित तुमची प्रमाण मराठीच कळलेली नसते, आणि नोंदवहीत मात्र ‘आकलन कमी’ असा शेरा पडतो.

मूल उठून जाते, तेव्हा त्याआधी काय घडले ते लिहून ठेवा. शिवाय रोज नव्या वर्गावर पाठ घेण्याऐवजी सत्रभर एकच मूल सोपवावे, अशी विनंती प्राचार्यांकडे लेखी करा. त्याचा वैयक्तिक शिक्षण आराखडा तुम्ही स्वतः तयार करा आणि तो पालकांना दाखवून दुरुस्त करून घ्या.