हाडांची ‘घनता’ कमी की हाडे ‘ठिसूळ’?

नाशिकरोडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. आईच्या हाताचा डेक्सा स्कॅन, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची तपासणी झाली, तिथे ‘घनता कमी’ असे सांगितले. आधी शिबिरात टाच तपासली, तेव्हा ‘हाडे ठिसूळ’ म्हणाले होते. दोन्हींचा अर्थ एकच का? आणि शब्द घनता की घनत्व?

घनत्व चूक नाही, पण ते वळण हिंदीचे. आपल्या शाळेच्या पुस्तकांत घनताच आहे, तीच ठेवावी.

मात्र शाळेतली घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान. डेक्साचा आकडा तसा नसतो. दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण हाडातून जाताना किती अडले, त्यावरून खनिजाचे वजन काढतात आणि त्याला चित्रातल्या क्षेत्रफळाने भागतात. म्हणून एकक ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर. हाडाची जाडी हिशेबात येतच नाही. एकाच पदार्थाचे दोन ठोकळे घ्या, घनता १ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, बाजू १ आणि २ सेंटिमीटर. पहिल्याचा आकडा १ येईल, दुसऱ्याचा २! त्यामुळे लहान चणीच्या बाईचे हाड चांगले असूनही आकडा कमी दिसू शकतो. येवल्यात कापडाचे वजन चौरस मीटरवर सांगितले, तर कापड जाड आहे की वीण घट्ट, ते कळत नाही, तसेच हे. खरी घनता हवी तर सीटी लागते.

म्हणून ‘हाड विरळ झाले’ हा शब्द मला सर्वांत नेमका वाटतो. वीण विरळ होते, तसे हाड विरळ होते. परिभाषेतला ‘अस्थिसुषिरता’ (ऑस्टिओपोरोसिस) हा शब्दही सुंदर आहे, सुषिर म्हणजे पोकळ, छिद्रांचे, बासरी हे सुषिर वाद्य. ठिसूळ म्हणजे चटकन मोडणारे. तो परिणाम आहे, मोजमाप नव्हे.

टाचेच्या यंत्रात बहुधा ध्वनिलहरी असतात. त्या खनिज मोजत नाहीत. लहरींचा वेग आणि क्षीणन, म्हणजे त्या किती क्षीण होतात, ते मोजतात. तिथे ‘घनता’ म्हणूच नये. शिवाय टाचेत जाळीदार हाड जास्त, तर हाताच्या डेक्सात पाहतात त्या जागी, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाच्या मनगटाकडच्या एक-तृतीयांशावर, कठीण कवच जास्त. दोन निकाल जुळले नाहीत तर नवल नाही.

हात तपासताना कमी वापराचा हात घेतात. तो पूर्वी मोडला असेल तर दुसरा. बांगड्या, घड्याळ काढायचे. हाताची लांबी चुकीची मोजली तर तो एक-तृतीयांश भाग सरकतो, हात हलला तर चित्र बिघडते.

आणि बोलताना ‘उणे’ गाळू नका. डेक्साच्या अहवालातला टी-स्कोअर ‘अडीच’ नव्हे, ‘उणे अडीच’. तरुण वयाच्या सरासरीपेक्षा किती प्रमाण विचलने (सरासरीपासूनच्या फरकाचे माप) खाली, ते हा आकडा सांगतो. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ मध्ये विरळपणाची सुरुवात, उणे २.५ किंवा त्याखाली अस्थिसुषिरता. झेड-स्कोअरची तुलना मात्र समवयस्कांशी असते. दोन्हींना नुसते ‘स्कोअर’ म्हटले की घोटाळा होतो.